विजेवरची गिटार : घ्यावी कीं न घ्यावी ?

घरांत एखादें वाद्य येणें ही गोष्ट वरकरणीं लहान दिसते. परंतु त्या वाद्याची किंमत कर्त्या माणसाच्या दोन-तीन महिन्यांच्या पगाराइतकी असली, म्हणजे तिला लग्नकार्याचें महत्त्व येतें. पेटी, तबला किंवा सतार यांविषयीं वडीलधाऱ्यांना निदान कांहीं तरी कळत असतें. विजेवरच्या गिटारीचें तसें नाहीं. मुलगा किंवा मुलगी कॉलेजांत जाऊं लागलेली असते, साध्या गिटारीवर वर्ष-दोन वर्षें हात बसलेला असतो, आणि एके दिवशीं एका परदेशी गिटारीचें नांव घरांत उच्चारलें जातें. किंमत ऐकून आई हिशेबाची वही उघडते, वडील वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरतात, आणि मुलाला वाटतें कीं, आपलें मन कोणास कळतच नाहीं. असा प्रसंग आज पुष्कळ घरांतून घडतो. म्हणून त्याचा शांतपणें विचार करणें अवश्य आहे.

प्रथम हें वाद्य आहे तरी काय, तें पाहिलें पाहिजे. साध्या गिटारीचा आवाज तिच्या पोकळ लांकडी पेटींतून घुमून येतो. विजेवरच्या गिटारीचें अंग बहुधा भरीव लांकडाचें असतें. तिच्या तारांखालीं लोहचुंबक बसविलेले असून त्यांच्याभोंवतीं केंसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे दिलेले असतात. वरची पोलादी तार कंप पावली कीं चुंबकाच्या क्षेत्रांत फरक पडतो आणि त्या वेढ्यांत विजेचा अत्यंत सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो. हा प्रवाह ध्वनिवर्धकांत, म्हणजे वादक ज्याला 'अँप' म्हणतात त्यांत, वाढविला जातो व कर्ण्यावाटे त्याचा आवाज होतो. अमेरिकेंत जॉर्ज बीचम व अडॉल्फ रिकनबॅकर यांनीं १९३२ सालीं या तत्त्वावरची गिटार बाजारांत आणली. गिब्सन कंपनीची 'लेस पॉल' १९५२ सालची आणि लिओ फेंडर यांच्या कारखान्याची 'स्ट्रॅटोकास्टर' १९५४ सालची. आज दुकानांत टांगलेल्या पुष्कळ गिटारी या दोहोंपैकीं एकीच्या वळणावर घडविलेल्या असतात.

यावरून एक व्यावहारिक गोष्ट सहज ध्यानांत येईल. या वाद्याचा निम्मा कारभार वाद्याच्या बाहेर आहे. सगळी पुंजी गिटारींत ओतून अँप मात्र हलक्या प्रतीचा घेतला, तर उंची अत्तर गळक्या कुपींत भरल्यासारखें होतें. म्हणून किंमत विचारावयाची ती नुसत्या गिटारीची नव्हे, तर दोहोंची मिळून. त्यांतच कानाला लावावयाचा हेडफोनहि धरावा, म्हणजे शेजाऱ्यांची झोप व मैत्री दोन्ही शाबूत राहतील.

आतां किंमत वाढते तेव्हां नेमकें काय वाढतें ? अगदीं स्वस्त गिटारीवरून मध्यम प्रतीच्या गिटारीवर गेलें, तर फरक पदोपदीं जाणवतो. खुंट्या सूर धरून ठेवतात, मानेवरच्या पडद्यांच्या कडा बोटांना बोंचत नाहींत, वरच्या पट्टींतहि स्वर खरा लागतो. परंतु मध्यम प्रतीवरून अतिशय उंची गिटारीवर जातांना किंमत तिपटी-चौपटीनें वाढली, तरी गुण तितक्या प्रमाणांत वाढत नाहींत. फेंडरच्याच गिटारी कॅलिफोर्नियांतहि होतात आणि मेक्सिकोंतहि होतात. मेक्सिकोंतल्या स्वस्त असतात, आणि त्यांवर उत्तम वाजविणारे वादक पुष्कळ आहेत. शिवाय, लांकूड म्हटलें कीं त्याला हवा मानवावी लागते. कोंकणपट्टीच्या पावसाळ्यांत गिटारीची मान किंचित् वांकते, तारा पडद्यांपासून वर उचलल्या जातात आणि बोटें दुखूं लागतात. मानेंत बसविलेली पोलादी सळई जाणकारानें थोडी पिळली, तारांची उंची बेतानें लावली, कीं तेंच वाद्य पुन्हां गोड वाजूं लागतें. जिला टाकाऊ म्हणून दोष दिला जातो, ती पुष्कळ वेळां केवळ नीट न लावलेली गिटार असते. हा उपाय योजून पाहण्यापूर्वीं नव्या खरेदीची गोष्टच काढूं नये.

कोणी असें सांगेल कीं, उंची गिटार म्हणजे सोनें. तिची किंमत पुढें वाढतेच. दाखले खोटे नाहींत. १९५८ ते १९६० या काळांतील 'लेस पॉल' गिटारी त्या वेळीं फारशा खपल्या नाहींत, पण आज त्यांना लाखों डॉलर पडतात. डेव्हिड गिल्मर यांची काळी 'स्ट्रॅटोकास्टर' २०१९ सालीं लिलांवांत ३९ लाख ७५ हजार डॉलरांस गेली. परंतु ती किंमत लांकडाची नव्हती. त्या लांकडावर वर्षानुवर्षें फिरलेल्या बोटांची होती. दुकानांतून आणलेली नवी गिटार उंबरठा ओलांडतांच जुनी होते, व जुन्याच भावानें विकली जाते.

याच्या उलट एक उदाहरण लक्षांत ठेवण्याजोगें आहे. १९६३ सालीं लंडनजवळच्या फेल्टम येथें ब्रायन मे नांवाच्या सोळा वर्षांच्या मुलाला फेंडरची गिटार हवी होती आणि घरची स्थिति ती घेण्याजोगी नव्हती. वडील हॅरल्ड हे विद्युत्-यंत्रांच्या कामांतले जाणते. बापलेकांनीं गिटार घरींच करावयास घेतली. जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लांकडाची मान झाली, आईच्या शिवणाच्या डब्यांतल्या शिंपल्याच्या बटणांच्या खुणा झाल्या, जुन्या मोटारसायकलच्या स्प्रिंगा कामीं आल्या. सुमारें दोन वर्षें हें काम चाललें. आवाज टिपणारीं चुंबकाचीं गुंडाळीं घरीं मनासारखीं साधेनात, तेवढीं मात्र विकत घेतलीं. पुढें 'क्वीन' या मंडळींत मे यांनीं हीच गिटार वाजविली. पांचगणीच्या शाळेंत शिकलेला फरोख बलसारा, म्हणजेच फ्रेडी मर्क्युरी, याच मंडळींतला गायक. २००२ सालीं बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर हीच गिटार वाजली. गंमत अशी कीं, ज्या वडिलांनीं ती घडविण्यास हातभार लावला, त्यांनाच मुलानें संगीतासाठीं खगोलशास्त्राचें संशोधन बाजूस ठेवलेलें रुचलें नाहीं. तें संशोधन मे यांनीं २००७ सालीं पुरें करून डॉक्टरेट मिळविली.

याचा अर्थ प्रत्येकानें करवत हातीं घ्यावी असा नाहीं. अर्थ इतकाच कीं, त्या मुलाची ओढ दोन वर्षांच्या कष्टांत उतरली होती. विकत घेणाऱ्यानेंहि आपली ओढ अशीच पारखून घ्यावी. हातांतल्या वाद्यावर नेमकें काय जमत नाहीं, तें त्याला शब्दांत सांगतां यावें. दुकानांत वेगवेगळ्या किंमतींच्या तीन गिटारी एकाच अँपवर, पाठमोऱ्या बसलेल्या जाणकारास ऐकवून पाहाव्यात. नांव न दिसतां जी कानांत भरेल, तीच खरी. मग तीन महिने थांबावें, रोजचा रियाज चालू ठेवावा आणि किंमतीचा कांहीं भाग स्वतः सांठवावा. तीन महिन्यांनीं ओढ ओसरली, तर पैसे वांचले. वाढली, तर ती खरी होती. हप्त्यांनीं घ्यावयाची झाल्यास एवढें पाहावें कीं, हौस संपल्यावर हप्ते उरूं नयेत.

तथापि काटकसर म्हणजे शहाणपण, असेंहि मानण्याचें कारण नाहीं. सुरांत न राहणारें वाद्य कोवळ्या उत्साहाचा जीव घेतें. ज्याचा हात वाद्याच्या पुढें गेला आहे, जो लोकांपुढें वाजवितो किंवा त्यावर मिळवूं लागला आहे, त्याला उंची गिटार ही चैन नसून सुताराच्या रंध्यासारखें हत्यार आहे. तेथें हात आंखडणें बरोबर नाहीं.

नकार द्यावयाचा झाल्यास तो गिटारीला द्यावा, संगीताला नव्हे. आणि घरचा हिशेब मुलापुढें मोकळेपणानें मांडून द्यावा. होकार द्यावयाचा झाल्यास परीक्षेच्या गुणांनीं फेडावयाचें कर्ज म्हणून तो देऊं नये. गिटार पुढें विकतां येते, बदलतां येते. परंतु 'आपल्या आवडीची घरांत किंमत नाहीं' ही समजूत एकदां मुलाच्या मनांत बसली, म्हणजे ती काढण्यास फार वर्षें लागतात.