हाताचा कंप

हात कांपूं लागला कीं आपण वार्धक्यास बोल लावतों. पण चहाचा अतिरेक, मद्य, कांहीं औषधें, गळ्यांतील ग्रंथीचा विकार, आनुवंशिकता, अशीं कारणें अनेक. भंडारा जिल्ह्यांत आणखी एक प्रश्न विचारावा: धंदा कोणता? तुमसर तालुक्यांत चिखला, डोंगरी बुजुर्ग येथें मँगनीजच्या खाणी आहेत. ती धूळ वर्षानुवर्षें श्वासावाटे गेल्यास मेंदूस अपाय होऊं शकतो. चाल बिघडते, हातही कांपतो. १८३७ सालीं ग्लासगोच्या डॉ. कूपर यांनीं हें खनिज दळणाऱ्या मजुरांच्या चालींतील बिघाड नोंदविला. आरंभींच धूळ टाळल्यास पुढील हानि टळण्याची आशा अधिक. म्हणून डॉक्टरांस धंदा अवश्य सांगावा.

कंप वाढूं लागला, लेखणी सांभाळेना, तर विलंब नको. अकस्मात् जीभ अडखळली वा अर्धें अंग लुळें पडलें, तर तत्काळ रुग्णालय गांठावें.