जोश किती, कोणाला आणि कधी

सुरतेतील क्रीडाशिक्षक, प्रशिक्षक आणि पालकहो,

२ ऑगस्ट २०२२. बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा, टेबल टेनिसच्या पुरुष सांघिक गटाची अंतिम फेरी. भारत सिंगापूरवर २-१ अशी आघाडी घेऊन होता आणि चौथ्या लढतीला उतरला तो याच सुरतेचा हरमीत देसाई. समोरच्या क्लॅरेन्स च्यूने त्याआधी शरथ कमलसारख्या मुरलेल्या खेळाडूला हरवलं होतं. हरमीतने ११-८, ११-५, ११-६ असे सरळ तीन गेम घेतले आणि सुवर्णपदक भारताचं झालं.

त्या वेळी त्याच्या मनात काय चाललं होतं, ते त्याचं तोच जाणे. पण अशा प्रसंगी कुणाच्याही शरीरात अ‍ॅड्रिनलिन वाढतं, छाती धडधडते, तळहाताला घाम सुटतो, स्नायू ताठरतात. हे बेताचं असेल तर पाय हलके होतात आणि नजर चेंडूवर खिळते. प्रमाणाबाहेर गेलं की बॅट मुठीत आवळली जाते आणि मनगट अडकतं. सर्व्हिस करताना उघड्या तळव्यावरून किमान १६ सेंटिमीटर उडवायचा चेंडूही नीट उडत नाही.

हा बेत कामागणिक बदलतो. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये उंदरांना काळी आणि पांढरी पेटी ओळखायला शिकवलं. चुकणाऱ्याला विजेचा झटका बसे. फरक सहज ओळखू येण्याजोगा असताना झटका जोराचा असला तरी उंदीर लवकर शिकले. फरक बारीक केल्यावर मात्र मध्यम झटकाच कामी आला. हा प्रयोग शिकण्याचा होता, खेळाचा नव्हे. तरी क्रीडा मानसशास्त्राने त्यातून पुढे घेतलेलं सूत्र मैदानावर पदोपदी दिसतं: काम जितकं नाजूक, तितका कमी जोश त्याला मानवतो.

कुस्तीच्या मैदानात हलगी कडाडते, मल्ल षड्डू ठोकतो, आणि ते त्याला लागतंच. नेमबाजाच्या कानाशी तीच हलगी वाजवली तर? नेमबाजीत नाडी मंदावणारी बीटा-ब्लॉकर औषधं निषिद्ध आहेत, यावरूनच तिथे शांतपणाचं मोल किती ते कळतं. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूची दोन पदकं प्रोप्रॅनोलॉल सापडल्यामुळे काढून घेतली गेली.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे हीच शांतता औषधाविना मिळवतो. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सच्या अंतिम फेरीत तो सातव्या क्रमांकाने पात्र ठरून आला होता. गुडघ्यावर बसून झालेल्या पहिल्या टप्प्यानंतर पदक दूरच होतं. पुढे एकेक पायरी चढत त्याने ४५१.४ गुणांवर कांस्य मिळवलं. छाती जोरात धडधडत होती, श्वासावर ताबा ठेवला आणि वेगळं काही करायला गेलो नाही, असं त्याने नंतर सांगितलं. धडधड थांबली नव्हती. ती असतानाही श्वास त्याच्या हातात होता. सराव करायचा तो याचा.

आपल्या शाळांत नेमकं उलट चालतं. लिंबायत, उधना, पांडेसरा भागांतल्या खानदेशी घरांतून आलेली मुलं खो-खोच्या चौकटीत बसलेली असतात आणि बाहेरून एकच घोष: ‘चढ, चढ!’ अतिउत्साहात पोरगी खो मिळण्याआधीच उठते आणि फाउल होतो. मग तिलाच बोल लावले जातात. हा अन्याय आहे. तिला चेतवलं आपण, सावरायला मात्र कुणी शिकवलं नाही.

शिवाय सगळ्यांना एकच मात्रा लागू पडत नाही. क्रीडा मानसशास्त्रज्ञ युरी हानिन यांनी दाखवून दिलं की प्रत्येक खेळाडूचा आपला असा पट्टा असतो: कुणी बेचैन असताना उत्तम खेळतो, कुणी निवांत असताना. सामन्याआधी संघाला गोल उभं करून एकसारखी आरोळी ठोकायला लावणं म्हणूनच निम्म्यांना अपायकारक ठरू शकतं.

आपला पट्टा ओळखायला आणि सावरायला साधनसामग्री लागत नाही. मुलांनी आपल्या सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट सामन्याआधी अंगात काय जाणवत होतं ते वहीत लिहावं. चार-सहा सामन्यांत ज्याचा-त्याचा पट्टा दिसू लागतो. टेबल टेनिसमध्ये दर सहा गुणांनंतर टॉवेल घेता येतो. ते काही सेकंद घाम पुसण्यात न दवडता लांब उच्छ्वास सोडायला वापरावेत, आणि हे सरावातच अंगवळणी पाडावं. ज्याचे हातपाय गार पडतात त्याला उड्या मारायला लावाव्यात. सरावात मुद्दाम गोंगाट करावा, गुण ९-९ वर ठेवून गेम सुरू करावा.

आपल्या या परिषदेने सुरतेच्या शाळांसाठी असं प्रशिक्षण याच वर्षी सुरू करावं, आणि सामना चालू असताना कठड्यापलीकडून ‘मार, मार’ ओरडणाऱ्या पालकांनाही त्याच्या पहिल्या सत्राला बोलवावं.