निलगिरीचा शेंडा मारायचा का?

मे महिना लागला की मला एक ठरलेला फोन येतो. "अंगणातली निलगिरी पन्नास फूट गेलीय हो, वारं सुटलं की शेजाऱ्यांच्या पत्र्यावर झुलते. पावसाआधी शेंडा मारून घेऊ का?" आजचा भाग या एका प्रश्नावर.

माझं उत्तर: नको.

निलगिरीच्या सालीखाली ठिकठिकाणी झोपलेले डोळे असतात. ऑस्ट्रेलियात वणव्यात होरपळलेलं झाड त्यांच्याच जोरावर पुन्हा हिरवं होतं. तुम्ही शेंडा उडवलात की तेच डोळे जागे होतात आणि कापाखाली फुटव्यांचा झुबका येतो. दोन-तीन वर्षांत एकेक फुटवा मनगटाएवढा होतो, पण मूळ फांदीसारखा तो खोडात खोलवर बसलेला नसतो, बाहेरच्या लाकडाला धरून असतो. वरून कापाच्या तोंडातून पाणी मुरतं, आतलं लाकूड कुजायला लागतं. म्हणजे उंची परत आली ती आलीच, वर आता पत्र्यावर निखळून पडेल असा भारा तयार झाला.

मग करायचं काय? भार हलका करायचा. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि पत्र्याकडे गेलेल्या फांद्या निवडून काढा. एका वेळी पाव भागापेक्षा जास्त पाला काढू नका. आतल्या बारीक फांद्या सोलून टोकाला झुपका ठेवण्याची पद्धत आहे ना, ती मला अजिबात पटत नाही. सगळं वजन टोकाला जातं आणि वाऱ्यात फांदी चाबकासारखी हलते.

मोठी फांदी तीन कापांत. पहिला काप खोडापासून फूटभर अंतरावर, खालून, जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून. फांदी पडते, पण साल खोडापर्यंत सोलत जात नाही. तिसरा काप उरलेल्या खुंटाचा. फांदीच्या बुडाशी फुगीर कडं दिसतं, ते शाबूत ठेवून त्याच्या बाहेर कापा. जखम तिथूनच भरून येते. डांबर, रंग काही फासू नका.

हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकावं. पावसात ताजी जखम म्हणजे बुरशीला आयतं आमंत्रण. आणि शिडी लावून स्वतः चढू नका, दोर बांधून काम करणारा माणूसच बोलवा. जवळून तार जात असेल तर आधी महावितरणला सांगून वीज बंद करून घ्या. शहरात असाल तर १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे. झाड स्वतःच्या अंगणातलं असलं तरी तोडायला परवानगी लागते. छाटणीचंही पालिकेत आधीच विचारून ठेवा.

जागा लहान आणि झाड कोवळं असेल तर वेगळा मार्ग आहे. जमिनीपासून वीतभर ठेवून तिरपा काप द्या, पाणी साचणार नाही असा. भरपूर फुटवे येतील. कमरेएवढे झाले की दोन-तीन जोमदार ठेवून बाकी काढा. दर काही वर्षांनी हेच करत राहिलात की झाड आटोक्यात राहतं. जुनाट जाड बुंधा मात्र फुटेलच असं नाही.

एक तपासणी छाटणीच्या आधी कराच. झाड कलतंय त्याच्या उलट बाजूला माती उचलली गेलीय का, भेगा आहेत का, बुंध्याशी अळंबी उगवलीय का? यातलं काही दिसलं तर फांद्या कापून भागणार नाही. जाणकाराला दाखवा आणि झाड काढायच्या परवानगीचा अर्ज आधी करा.

पाल्यात तेल असतं, भडकन पेटतो. झाडाखाली ढीग जाळू नका. भाजीच्या वाफ्यातही घालू नका, बी रुजायला अडतं. पायवाटेवर पसरला तर उत्तम, तण कमी येतं. आणि ओंडके चुलीसाठी हवे असतील तर ओले असतानाच फोडून घ्या, वाळल्यावर कुऱ्हाड नुसती उसळते.