बनावट कागदाचा गुन्हा आणि आपला वकील
(माकणी, ता. लोहारा येथील बैठकीतील भाषण)



आपण गायरान कसतो, जंगलजमीन कसतो. हक्क मागायला गेलं की पहिला सवाल, कागद दाखवा. मग एजंट येतो. 'जुन्या तारखेची दंडाची पावती काढून देतो' म्हणतो. पैसे घेऊन तो जातो. कागदावर अंगठा आपला राहतो अन् गुन्हाही आपल्यावर येतो.

लोक याला चारशेवीस म्हणतात. चारशेवीस म्हणजे फसवणूक. बनावट कागदाची कलमं वेगळी. आधी 465, 467, 468, 471 होती. 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेत 336, 338, 340 आहेत. 338 ला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, म्हणून हलक्यात घेऊ नका. पण भिऊन गावही सोडू नका. कागद कुणी केला, तो खोटा आहे हे आपल्याला माहीत होतं का, फसवायचा हेतू होता का, हे सरकारी वकिलाला शाबित करावं लागतं. ज्यानं कागद केलाच नाही त्याला तो केल्याची शिक्षा देता येत नाही, असं सुप्रीम कोर्टानं 2018 साली सांगितलंय. मात्र खोटा माहीत असून वापरला, तर तोही गुन्हाच.

पोलिसांनी बोलावलं तर एकट्यानं जाऊ नका. एफआयआरची नक्कल घ्या, कलमं कुणाकडून तरी वाचून घ्या. कोऱ्या कागदावर अंगठा द्यायचा नाही. तपासात पोलीस जबाब लिहून घेतात, त्यावर सही-अंगठा लागत नाही, असं कायदाच म्हणतो. अटक झाली तर 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढं न्यावं लागतं. वकिलाला भेटायचा हक्क पहिल्या दिवसापासून आहे.

वकिलाला पैसे कुठले? 1987 च्या विधी सेवा कायद्याच्या कलम 12 प्रमाणं अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, बाईला आणि कोठडीतल्या कुणालाही सरकारी खर्चानं वकील मिळतो. उत्पन्न बघत नाहीत. आपल्या पारधी भावांकडं जातीचा दाखला नसतो. तरी अटकेतल्या माणसाला हा वकील मिळतोच. तालुका विधी सेवा समितीकडं किंवा धाराशिवच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज द्या. फोन 15100. ही मेहरबानी नाही, हक्क आहे.

अन् खरा पुरावा आपल्याकडं असतोच. 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयात 1 एप्रिल 1978 ते 14 एप्रिल 1990 मधली गायरानावरची अतिक्रमणं आहेत. त्यासाठी तलाठ्याकडून गाव नमुना 1-ई ची नक्कल मागा. वनहक्काच्या दाव्यात गावातल्या म्हाताऱ्या माणसाचं लेखी निवेदन पुरावा म्हणून चालतं, जोडीला आणखी एक पुरावा लागतो. खऱ्या कसणाऱ्याला खोट्या पावतीची गरज नाही. एजंट गावात आला तर आधी ग्रामसभेत उभा करा.

जिंदाबाद!