तरोटा कोणता, कासविंदा कोणता?

(नागपूर जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या आणि ज्वारीच्या भावाचे बोलून झाले. आता दोन मिनिटे धुऱ्यावरच्या झुडपांचे बोलतो. हसू नका. यात लेकरांच्या जिवाचा प्रश्न आहे, आणि चार पैशांचाही.

पावसाळ्यात आपण तरोट्याची कोवळी भाजी खातो. दिवाळीनंतर मायबहिणी त्याचे बी झोडपून व्यापाऱ्याला घालतात. त्याच धुऱ्यावर, तशाच पिवळ्या फुलांचा त्याचा भाऊबंद उभा असतो, कासविंदा. त्याचे बी विषारी. पश्चिम उत्तर प्रदेशात दरवर्षी पावसाळा सरता सरता लहान मुलांना ओकाऱ्या होत, झटके येत, शुद्ध हरपे आणि काही दिवसांत मूल हातचे जाई. वर्षानुवर्षे त्याला मेंदूज्वरच म्हटले गेले. बिजनौरचे डॉ. विपिन वशिष्ठ, वेल्लोरचे डॉ. जेकब जॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोध घेतला, तेव्हा २००७ साली कासविंद्याच्या शेंगांवर बोट ठेवले गेले. मुलांनी त्या खेळता खेळता खाल्ल्या होत्या. २०१६ साली ओडिशाच्या मलकानगिरीत आदिवासींची लेकरे दगावली, तिथेही संशय याच झुडपावर आला. या विषाला उतारा नाही.

मग ओळखायचे कसे? वासावर जाऊ नका, चुरगळले की दोन्ही घाण मारतात. पान पाहा. तरोट्याच्या पानकाडीवर लहान पानांच्या तीन जोड्या, टोक गोल. कासविंद्याला चार ते सहा जोड्या, टोक अणकुचीदार. त्या काडीवर एक बारीक गाठ असते. तरोट्याची गाठ खालच्या जोडीच्या मध्ये, कासविंद्याची अगदी बुडाशी, खोडाजवळ. भाजी खुडताना हीच खूण धरा. शेंग तर चाचपूनही कळते. तरोट्याची काडीसारखी बारीक, वाकडी, वीतभर. कासविंद्याची चपटी, आखूड, फिक्या कडांची. तरोट्याचे बी तिरपे कापल्यासारखे, चकचकीत; कासविंद्याचे चपटे, वाटोळे, मळकट.

पंडित लोक तरोट्यातही दोन जाती काढतात, गाठ एक की दोन यावरून. काढू द्या, डिंकाला दोन्ही चालतात. या बियांचा डिंक परदेशात कुत्र्यामांजरांच्या डबाबंद खाण्यात पडतो, माणसांच्या खाण्यातही वापरतात. युरोपच्या नियमाप्रमाणे खाण्याच्या डिंकात कासविंदा ०.०५ टक्क्याच्या आत हवा. म्हणजे क्विंटलमागे ५० ग्रॅमही नाही, जेमतेम मूठभर! "माल मिसळ आहे" म्हणून व्यापारी भाव पाडू लागला, तर आपल्याजवळ उत्तर पाहिजे. झाडे झोडपण्याआधीच वेगळी करा. नंतर निवडत बसलात तर दिवसाची मजुरीही सुटणार नाही.

अंगणाजवळचा आणि शाळेच्या वाटेवरचा कासविंदा शेंगा धरायच्या आत उपटून टाका. कापूस वेचायला जाणाऱ्या बाईसोबत लेकरू असतेच. ते धुऱ्यावर बसून काय चघळते आहे, हे अधूनमधून पाहून या.