खनिजाची नाडी

सारसोळ्याच्या जेट्टीवर आमच्याकडच्या होड्या पाहताना एक गोष्ट माझ्या ध्यानात येते. लोखंडाला जिथे पितळ टेकते, तिथे लोखंड लवकर गंजते. खाऱ्या पाण्यात त्या दोन धातूंची जणू छोटी बॅटरीच तयार होते. अशीच बॅटरी तांब्याचे खनिज दळतानाही तयार होते आणि तिथे ती हातचे तांबे घालवू शकते.

आमच्या शेजारी, तळोज्याला हिंदुस्थान कॉपरने तांब्याच्या सळ्या ओतण्याचा कारखाना उभारला. याच कंपनीची मोठी खाण मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात, मलाजखंडला आहे. तिथल्या खनिजात तांबे शेकडा १ च्या आसपास. म्हणजे १०० किलो दगड फोडावा, तेव्हा किलोभर तांबे! शाळेत शिकलेली फेनतरण पद्धत इथेच कामी येते. दगड पाण्याबरोबर बारीक दळायचा, झँथेट नावाचे रसायन घालायचे आणि हवा सोडायची. झँथेट लागलेले कण बुडबुड्यांना चिकटून फेसात वर येतात. उरलेला गाळ टाकून देतात.

मात्र तांब्याचे हे खनिज विजेचे वाहक आहे. दळायच्या गोळ्यांचे लोखंड त्याच्या सहवासात गंजते, पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते आणि गंजाचा थर खनिजाच्या कणांवर बसतो. मग झँथेट नीट चिकटत नाही. १९७७ साली ऑस्ट्रेलियातील हेज आणि ट्राहार या संशोधकांनी दाखवले, की प्राणवायूला पोषक वातावरणात हे खनिज झँथेटशिवायही तरंगते. उलट वातावरणात तरंगत नाही.

हे वातावरण डोळ्यांना दिसत नाही. म्हणून गाळात प्लॅटिनमची तार आणि तुलनेसाठी दुसरा इलेक्ट्रोड बुडवून त्यांच्यातील दाब मिलिव्होल्टमध्ये मोजतात. आकडा फार खाली गेला, तर फेनतरणाआधी गाळात हवा सोडून तो वर आणता येतो. अर्थात, तारेवर पुटे चढली की आकडा फसवतो. ती वरचेवर घासावी लागते. शिवाय प्लॅटिनम गाळाची अवस्था सांगते, कणाची नव्हे. त्यासाठी खनिजाच्याच तुकड्याचा इलेक्ट्रोड करतात.

एवढा खटाटोप कशाला? गाळात गेलेल्या तांब्यासाठीही सुरुंग, वीज आणि पाणी आधीच खर्ची पडलेले असते. ते निसटले, तर तेवढ्या तांब्यासाठी आणखी डोंगर फोडावा लागतो. काही मिलिव्होल्ट वेळेवर मोजणे त्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.