आपल्या मुलींचे आरोग्य आणि ज्ञातीचे कर्तव्य
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आताच गुणवंत विद्यार्थिनींचा सत्कार झाला आणि वधूवर सूचीही प्रसिद्ध झाली. अशा मंगल प्रसंगी एड्ससारख्या रोगाचा उच्चार करणे काहींस रुचणार नाही. परंतु ज्या मुलींचा आपण गौरव केला व ज्यांची नावे सूचीत आहेत, त्यांच्याच आयुष्याशी या विषयाचा निकट संबंध आहे. म्हणून तो येथेच मांडणे मला उचित वाटते.

भारतात एच.आय.व्ही.चा प्रादुर्भाव प्रथम १९८६ साली मद्रासमध्ये उजेडात आला. तो शोधून काढणाऱ्या डॉक्टर सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे, मराठी कुटुंबात जन्मलेल्या. पुढे त्यांनी आपले आयुष्य या रुग्णांच्या सेवेस वाहिले, इतकेच नव्हे तर बाधित तरुणतरुणींचे परस्परांशी विवाहही जुळवून दिले. रोगाचा तिरस्कार करावा, रोग्याचा करू नये, हा धडा त्यांनी आचरणातून घालून दिला.

हा विषाणू असुरक्षित शरीरसंबंध, दूषित रक्त, दूषित सुई आणि बाधित मातेपासून अर्भकास, अशा मार्गांनी पसरतो. एका पंक्तीस जेवल्याने, हस्तांदोलनाने वा डास चावल्याने तो पसरत नाही. एवढे ज्ञान प्रत्येक घरात असावयास हवे.

आपल्यापैकी अनेकांची समजूत अशी की, हे संकट वाईट चालीच्या लोकांचे आहे. आपल्या मुलींस त्याचे काय? या समजुतीस पुण्यातील एका अभ्यासाने उत्तर दिले आहे. १९९३ ते १९९६ या काळात तेथील गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या, वेश्याव्यवसायाशी संबंध नसलेल्या ३९१ स्त्रियांची तपासणी झाली. त्यांत शंभरांत सुमारे चौदा जणी बाधित निघाल्या. या ३९१ पैकी बहुसंख्य स्त्रिया विवाहित होत्या आणि पतीखेरीज कोणाशीही त्यांचा संबंध आलेला नव्हता. हे आकडे दवाखान्यात आलेल्या रुग्णांचे आहेत, सर्व समाजाचे नव्हेत. आणि त्यानंतर देशातील नव्या लागणीचे प्रमाणही पुष्कळ घटले आहे. तथापि त्यातील बोध जुना झालेला नाही. मंगळसूत्र हे सौभाग्याचे चिन्ह खरे, पण ते रोगापासून रक्षण करीत नाही.

मुलगी जितकी अजाण व परावलंबी, तितकी ती असहाय. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी जवळजवळ २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वीच झालेले होते. अशी कोवळी मुलगी पतीस त्याच्या प्रकृतीविषयी काय विचारणार?

यावर उपाय सापडले आहेत. आफ्रिकेतील मलावी देशात झोंबा जिल्ह्यातील १३ ते २२ वर्षांच्या अविवाहित मुलींस व त्यांच्या पालकांस दरमहा थोडी रोख मदत देण्यात आली. दीड वर्षाने पाहता, शाळेत जाणाऱ्या मुलींपैकी मदत मिळालेल्यांत लागणीचे प्रमाण १.२ टक्के, तर न मिळालेल्यांत ३ टक्के आढळले. हा निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला. आपल्या मराठवाड्यात पाचोड येथील संस्थेने शाळा सुटलेल्या मुलींसाठी सायंकाळी तासभराचे जीवनशिक्षणाचे वर्ग चालविले. त्यांत आरोग्याचे शिक्षण होते आणि आपले म्हणणे धीटपणे मांडण्याचेही. त्या परिसरात मुलींच्या लग्नाचे वय पुढे सरकले. दोन्ही ठिकाणी काम गावात, घरापाशी झाले. जे सरकारी भित्तिपत्रकास साधत नाही, ते ओळखीच्या माणसास साधते. ज्ञातिसंस्थेइतकी घरोघरची ओळख दुसऱ्या कोणास आहे?

यास्तव माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, शिष्यवृत्ती केवळ पहिल्या क्रमांकास न देता, शाळा सुटण्याच्या बेतात असलेल्या मुलीसही द्यावी. दुसरी, महिला शाखेने डॉक्टर वा परिचारिका बोलावून मुलींसाठी नियमित आरोग्यवर्ग चालवावा. मुलांसाठीही स्वतंत्र वर्ग असावा, कारण जबाबदारी निम्म्याहून अधिक त्यांची आहे. तिसरी, विवाह ठरविताना वर आणि वधू या दोघांनीही स्वेच्छेने रक्ततपासणी करून घेण्याचा प्रघात पाडावा. सरकारी रुग्णालयांतील समुपदेशन व चाचणी केंद्रांत ती विनामूल्य होते. लागण झाल्यावर काही आठवडे चाचणीत ती दिसून येत नाही, म्हणून समुपदेशकाचा सल्ला घ्यावा.

कोणी म्हणेल, हा अविश्वास झाला. आपण पत्रिका मागतो, गोत्र विचारतो, पगाराची चौकशी करतो; त्यात अविश्वास दिसत नाही, मग येथेच का दिसावा? मात्र सक्ती करण्याचा अधिकार संस्थेस नाही. २०१७ च्या कायद्याने संमतीवाचून चाचणी करण्यास व माहिती उघड करण्यास बंदी आहे. म्हणून अहवाल त्या दोघांपाशीच राहावा; मंडळाच्या कचेरीत त्याचा कागदही येऊ नये.

आणि एखाद्याचा अहवाल विपरीत आलाच, तर त्या घरास वाळीत टाकू नये. २००४ पासून सरकार औषधे मोफत देत आहे. ती नियमित घेऊन रक्तातील विषाणू मोजण्यापलीकडे दबले व तसेच राहिले, तर शरीरसंबंधातून जोडीदारास लागण होत नाही. मातेने वेळीच उपचार घेतल्यास बहुतेक बालके निरोगी जन्मतात. १०९७ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

कन्यादानाचे पुण्य आपण मानतो. तिच्या हाती ज्ञान देऊन तिला सासरी पाठविणे हे त्याच पुण्याचे अंग होय. कार्यकारी मंडळाने या तीन सूचनांचा येत्या वर्षात विचार करावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.